पेरणीच्या दिवसांतली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



नव्या शैक्षणिक वर्षाची तयारी या विषयावर बोलायचे म्हटले की आपल्या विदर्भात पहिला प्रश्न तारखेचा निघतो. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळेची घंटा वाजते. त्या वेळी आपल्याकडे रस्त्यावरचे डांबर पायाला चिकटत असते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जून लागला म्हणून तो लगेच खाली उतरत नाही. म्हणून आपली शाळा मागाहून उघडते. २०२५ साली राज्यात इतरत्र १६ जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला, आणि पहिला आठवडा सकाळच्या वेळेत भरवावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ साली, आपल्याकडे १ जुलै उजाडला होता.

यात मुलांची सोय आहे, हे उघडच आहे. टिनाच्या पत्र्याखाली पंचेचाळीस अंशांत कोणी बसू शकत नाही. पण या तारखेचा एक दुसरा अर्थही आहे आणि तो शहरातल्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. सात-आठ जूनला मृग लागतो. मृग कोरडा गेला की शेतकरी आर्द्राची वाट पाहतो, आणि आर्द्रा येते एकवीस-बावीस जूनला. म्हणजे आमच्या शाळेचे कुलूप उघडते नेमके त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात गावातले प्रत्येक घर वावरात असते. कपाशी टोबायची असते, सोयाबीन पेरायचे असते, तुरीचे तास टाकायचे असतात. घरात जो काही पैसा आहे तो बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. अशा घरातल्या मुलाला आपण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शाळेत बोलावत असतो.

माझे आजचे सांगणे या एका गोष्टीभोवती फिरणार आहे. पण आधी त्या कुलपापासून सुरुवात करू.

दोन महिने बंद राहिलेली वर्गखोली उघडणे हा काय प्रकार असतो, हे खेड्यातल्या शिक्षकालाच विचारावे. आधी दार जोराने ढकलून दोन मिनिटे बाहेरच थांबायचे. पाल, उंदीर आणि कधीकधी त्यांच्या मागावर आलेला पाहुणा, यांना जायला वाट द्यायची. टाटपट्ट्यांची गुंडाळी हाताने उचलायची नाही, काठीने उलगडायची, कारण विंचवाला अशी अंधारी, गुंडाळलेली जागा फार आवडते. भिंतीला टेकून ठेवलेली अलमारी पुढे ओढायची आणि मागे वाळवीने मातीचा रस्ता बांधला आहे का ते पाहायचे. वाळवीला पुस्तकांमधला फरक कळत नाही. ती गोष्टीचे पुस्तक खाते तसेच दाखल-खारीज रजिस्टरही खाते, आणि ते रजिस्टर गेले तर गावातल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा गेल्या. वर कवेलू असतील तर माकडांनी किती सरकवले ते मोजायचे, टिनाचे पत्रे असतील तर वादळात कोणता खिळा उपटला ते बघायचे. पहिला पाऊस आला की गळती कुठे ते कळतेच, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

मग पाणी. हापशी दोन महिने चालवलेली नसली की आधी गंजाचे लाल पाणी येते. टाकी असेल तर आत उतरून घासायची, वाळू द्यायची, मग भरायची. संडास-मुतारीत पाणी पोचते का, कडी आतून लागते का. पाचवी-सातवीतल्या मुली शाळा का चुकवतात याची कारणे शोधत आपण लांब जातो, आणि कधीकधी उत्तर एवढ्या एका न लागणाऱ्या कडीत असते. स्वयंपाकाची भांडी काढायची, तांदळाचे पोते उंदरांनी फोडले नाही ना ते बघायचे. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके शासनाकडून मोफत मिळतात. ती तालुक्याहून केंद्रावर येतात आणि केंद्रावरून शाळेपर्यंतचा शेवटचा प्रवास अनेकदा गुरुजींच्या मोटारसायकलवर, पुढे एक गठ्ठा आणि मागे एक गठ्ठा, असा होतो. या सगळ्याला कोणी शिकवणे म्हणत नाही. मास्तरांना दोन महिने सुट्टी असते असे मात्र सगळे म्हणतात! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा किमान पंचेचाळीस तासांचा धरला आहे आणि त्या पंचेचाळीस तासांत पूर्वतयारीचे तासही आहेत असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, हे कायद्याने मान्य केले. पारावरच्या मंडळींनी अजून केलेले नाही.

आता मुलांच्या तयारीकडे येऊ. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात २०२२ पासून 'शाळापूर्व तयारी अभियान' सुरू झाले. 'पहिले पाऊल' असे त्याचे नाव. करोनामुळे दोन वर्षे अंगणवाड्या बंद होत्या आणि हातात खडूही न धरलेली मुले थेट पहिलीत येणार होती, ही त्यामागची निकड होती. एक मेळावा उन्हाळ्यापूर्वी आणि दुसरा जूनमध्ये. मेळाव्यात वेगवेगळी टेबले मांडतात. एका ठिकाणी मूल उडी मारते, दोरीवरून चालते, दुसरीकडे वस्तूंचे गट लावते, तिसरीकडे चित्र पाहून गोष्ट सांगते. मधल्या सुट्टीच्या आठवड्यांत आयांनी गटाने बसून मुलांकडून करून घ्यायच्या छोट्या छोट्या गोष्टी दिलेल्या असतात. मला ही योजना आवडते, आणि आवडण्याचे कारण म्हणजे त्यात आईला कामाला लावले आहे. शाळेत पाय ठेवायला भिणारी, "आमाले काय समजते जी मॅडम" म्हणणारी बाई डाळीतून तांदूळ निवडायला लावून लेकराला वर्गीकरण शिकवते आणि ते शिकवणे आहे हे तिला पहिल्यांदा कळते. हल्ली या मेळाव्यांत फोटो काढण्याची घाई जरा जास्त असते, पण ते असो.

यानंतर येतो प्रवेशोत्सव. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण, नव्या मुलांची बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक, कोऱ्या कागदावर कुंकवाच्या पाण्याने उमटवलेले पाऊल, हातात फुगा, पाहुण्यांची भाषणे, गोड शिरा. हा दिवस व्हावाच. शाळा ही भीतीची जागा आहे असे ऐकत मोठ्या झालेल्या पिढीने आपल्या नातवाला बैलगाडीतून शाळेत जाताना बघावे, यात फार अर्थ आहे.

पण दुसऱ्या दिवशी काय होते? त्याचा खरा हिशेब हजेरीपटापेक्षा चुलीवर कळतो. पहिली ते पाचवीला दर मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ हे ठरलेले माप. पटावर चौतीस मुले, म्हणजे तीन किलो चारशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकीण बाई दारात उभ्या राहून विचारतात, "मॅडम, किती टाकू?" आणि मी समोर बघून डोकी मोजते. पेरणीच्या आठवड्यात ती सोळा-सतरा भरतात. रात्री चांगला पाऊस झाला असेल तर आणखी कमी.

बाकीची कुठे आहेत? मोठा भाऊ बियाण्याची टोपली घेऊन आईच्या मागे चालतो आहे. आठ वर्षांची मुलगी घरी धाकट्याला सांभाळते आहे, कारण आई आणि आजी दोघीही टोबायला गेल्या. कोणी अजून मामाच्या गावाहून आलेच नाही, कारण आणायला जाणार कोण? घरी जाऊन विचारले तर आजोबा शांतपणे सांगतात, "पेरनी होऊ द्या जी मॅडम, मंग धाडतो नं पोट्ट्याले." त्यांच्या दृष्टीने यात काही चुकीचे नाही. पाऊस मुहूर्त पाहून येत नाही, शाळा मात्र उद्याही तिथेच असते.

आता पाहा, ही मुले येतात आठव्या, दहाव्या, बाराव्या दिवशी. तोवर तोरण वाळलेले असते. फुगे फुटलेले असतात. पुस्तके वाटून झालेली असतात, आणि एखाद्याच्या वाट्याचे पुस्तक कमी पडलेले असते. जागा ठरलेल्या असतात. पहिल्या धड्याचे चौथे पान चालू असते. आपण सजवलेला वर्ग त्याच्या वाट्याला आलाच नाही. तो पाहुण्यासारखा मागच्या टाटपट्टीच्या टोकावर बसतो. वर्गात मागे पडण्याची सुरुवात इथून होते आणि पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणीला तो पुन्हा आठ दिवस गैरहजर राहतो. तिसरी-चौथीपर्यंत हे असेच चालले की मास्तर म्हणतात, पोरगा कच्चा आहे. बाप म्हणतो, याला शिक्षणाची आवडच नाही.

माझे म्हणणे असे की नव्या वर्षाची तयारी या बाराव्या दिवशी येणाऱ्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून करायला हवी. आणि त्यासाठी काय करायचे याचे उत्तर शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात, आपल्या मारवाडी विद्यालयात, म्हणजे नंतरच्या नवभारत विद्यालयात, एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि मधोमध एक उत्पादक उद्योग, हे त्या अहवालाचे सार. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात, ज्याला तेव्हा शेगाव म्हणत, शाळा सुरू झाली. आर्यनायकम आणि आशादेवी हे शांतिनिकेतनातून आलेले दांपत्य तिचा आधार होते. यालाच आपण नई तालीम म्हणतो. मराठीत काही काळ 'मूलोद्योग शिक्षण' हा शब्द चालला. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी शाळांच्या पाटीवर आजही 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असे लिहिलेले दिसते, ती त्याच काळाची खूण.

त्या अहवालातले वेळापत्रक मजेशीर आहे. दिवसाचे साडेपाच तास, त्यांतले तीन तास वीस मिनिटे उद्योगाला, आणि मातृभाषेला फक्त चाळीस मिनिटे. वर्षाचे दिवस धरले होते दोनशे अठ्ठ्याऐंशी. आजच्या कायद्यात पहिली ते पाचवीला दोनशे दिवस आहेत. मी काही त्या वेळापत्रकाकडे परत जा असे म्हणणार नाही. चाळीस मिनिटांत मातृभाषा उरकणे मला तरी पटत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाने रोज तीन तास टकलीवर बसावे हेही नाही. पुढे सरकारी बुनियादी शाळांत जे झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. सूत काढायचे म्हणून काढले, त्याचा गणिताशी संबंध जोडायला ना शिक्षक तयार होता ना त्याला वेळ होता. शेवटी टकल्या अलमारीत गेल्या. कोठारी आयोगानंतर 'कार्यानुभव' आला, तो वेळापत्रकात बसला आणि बहुतेक ठिकाणी तिथेच बसून राहिला.

पण सेवाग्रामच्या शाळेतली एक गोष्ट मला या जूनच्या प्रश्नासाठी फार मोलाची वाटते. तिथे शाळेचा दिवस सफाईने सुरू होत असे आणि ती सफाई मुले व शिक्षक मिळून करत. झाडणे, पाणी भरणे, बागेतली कामे, पाळीपाळीने स्वयंपाक, यांतले काहीही शिकण्याच्या 'आधीचे' काम नव्हते. तेच शिकणे होते. सूत काढले की ते मोजायचे. एकशे साठ तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. हा हिशेब मुलाने स्वतः लिहायचा. वर्ग कोणी तरी तयार करून मुलांच्या हवाली केला, असे तिथे नव्हतेच. गावातल्या अगदी लहान मुलांची शाळा शांताबाई नारूलकर यांनी याच धर्तीवर चालवली. २००५ मध्ये नई तालीम समितीने सेवाग्रामला 'आनंद निकेतन' ही मराठी माध्यमाची शाळा सुरू करून हा धागा पुन्हा हातात घेतला. सुषमा शर्मा यांनी अनेक वर्षे तिची धुरा सांभाळली. तिथे मुले वाफे लावतात, स्वयंपाकघरात काम करतात, परिसर झाडतात आणि त्यांच्या वहीत त्याचा जमाखर्च असतो.

हे आमच्या दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत कसे आणायचे? सगळे आणता येत नाही. पण जूनच्या त्या पंधरा दिवसांपुरते आणता येते. त्यासाठी शिक्षकाने एकच करायचे, वर्ग अर्धाच तयार ठेवायचा.

विंचू-काटा, पाणी, कडी, गळणारे छत, ही मोठ्यांची कामे. ती शाळा उघडण्याआधी झालीच पाहिजेत, त्यात मुलांना ओढायचे नाही. पण भिंतीवरचे तक्ते? ते लावून ठेवायचे नाहीत. गोष्टींच्या पुस्तकांची दोरी बांधायची नाही. बागेचे वाफे आखायचे नाहीत. नावांच्या चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत. हे सगळे मुलांच्या हातून पंधरा दिवसांत, हळूहळू होऊ द्यायचे. जे मूल पहिल्या दिवशी येईल ते दोरी बांधेल. पाचव्या दिवशी येईल ते पुस्तके लावेल आणि लावताना चारसहा पाने वाचून टाकेल. बाराव्या दिवशी येईल त्याच्यासाठीही भिंतीचा एक तुकडा कोरा हवा. तो कोरा तुकडा शिक्षकाने हट्टाने राखून ठेवायचा. अधिकारी येऊन म्हणाले, भिंत रिकामी का, तर सांगायचे, तीन मुले अजून यायची आहेत.

मुलांना खोली मोजायला लावा. दुसरीची मुले पावलांनी मोजतात, चौथीची पट्टीने. पावलांचा आकडा प्रत्येकाचा वेगळा येतो आणि मग भांडण सुरू होते. ते भांडण होऊ द्यावे, कारण मीटर नावाची वस्तू जगात का आली याचे उत्तर त्यातच आहे. टाटपट्टीवर किती मुले बसतील, खिडकीचा उजेड कुठपर्यंत येतो, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याने कुठे बसावे, हेही त्यांनीच ठरवावे.

आणि वावरातून येणारा मुलगा रिकाम्या हाताने येत नसतो. त्याला पहिल्याच दिवशी विचारायचे, "काय पेरलं रे?" मग बघा तो कसा बोलतो. दोन तासांत अंतर किती ठेवले, दोन झाडांत किती, पाकिटात बी किती निघाले, किती ठिकाणी पक्ष्यांनी उकरले. चौथी-पाचवीच्या वर्गात फळ्यावर मांडा. एका एकरात त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट. तासांत चार फूट आणि झाडांत दोन फूट अंतर ठेवले तर एका झाडाला आठ चौरस फूट जागा. भागाकार करा, पाच हजार चारशे पंचेचाळीस झाडे. आता चार फुटांऐवजी तीन फूट ठेवा, सात हजार दोनशे साठ. मग कोणी तरी म्हणतेच, "आमच्या बाबानं तीन फुटावर लावली." दुसरा म्हणतो, "तुमची जमीन हलकी हाय, आमची भारी." भूगोल सुरू झाला. बारा दिवस शाळा बुडवलेला मुलगा त्या तासाला वर्गाचा मास्तर झालेला असतो. त्याने गैरहजर राहावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण तो राहिला आहे, आणि आता त्याला परत आत घ्यायचे आहे, तर ते खाली मान घालायला लावून होत नाही.

अनुताई वाघांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, हे अनेकांना आठवत असेल. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळा कुरणावर गेली. आपण एवढे लांब जात नाही आहोत. आपण फक्त जूनअखेरच्या वावराला वर्गात थोडी जागा देतो आहोत.

एक गोष्ट वाचनाची. दोन महिन्यांच्या सुट्टीत लहान मुले वाचायचे विसरतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. एप्रिलात अडखळत का होईना, जोडाक्षर वाचणारी मुलगी जूनमध्ये साध्या काना-मात्रेवर थांबते. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येते त्यांचे कमी विसरते, ज्यांच्या घरी छापलेला कागद म्हणजे बियाण्याचे पाकीट, त्यांचे जास्त. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचणीचा कागद पुढे करणे मला क्रूरपणाचे वाटते. मूल काय विसरले एवढेच त्यातून कळते, आणि ते मुलालाही कळते. त्यापेक्षा एप्रिलच्या शेवटी शिक्षकाने एक साधी वही करावी. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन ओळी. कोणत्या गोष्टीपर्यंत वाचत होता, हातच्याची वजाबाकी येत होती का, कोणाशेजारी बसला की बोलतो. सरकारी नमुना नको, कोणाला दाखवायचीही नाही. जूनमध्ये त्या मुलासमोर तीच, त्याला एप्रिलात येत असलेली गोष्ट ठेवायची. दोन दिवस अडखळतो, तिसऱ्या दिवशी वाचतो, आणि त्याला वाटते, आपल्याला येते की! शिक्षकाची बदली झाली तर ही वही नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. दाखल-खारीज रजिस्टराइतकीच ती महत्त्वाची आहे, आणि वाळवीपासून तिलाही जपावे लागते.

ज्या मुलाची आई वावरात आणि कडेवर धाकटा, तिचे काय, असे कोणी विचारेल. अंगणवाडी शाळेच्या आवारात किंवा शेजारी असेल तर ताईंशी बोलून धाकट्याला तिथे बसवता येते. नसेल तर मी तरी त्या मुलीला म्हणते, घेऊन ये. वर्गात एखादे रांगते बाळ असले तर शिकवणे थोडे विस्कळीत होते. ती मुलगी घरी बसण्यापेक्षा हे बरे. नियमात हे कुठे बसते ते मला सांगता येणार नाही, पण आजवर कोणत्याही बाळाने पटावर नाव नाही म्हणून वर्ग सोडलेला नाही.

शेवटी पालकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते. जन्माचा दाखला सापडत नाही म्हणून मुलाचे नाव टाकायला थांबू नका. वयाचा पुरावा नाही या कारणाने शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, असे शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. तुम्ही कामासाठी दुसऱ्या गावी गेला असाल आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर होत असेल, तरीही सरकारी शाळेने प्रवेश लांबवता कामा नये. दाखला मागाहून येतो. शाळा सुरू होऊन दिवस उलटले असले तरी प्रवेश मिळतो. पुस्तकांसाठी पैसे लागत नाहीत. नवे दप्तर नसले तर बियाण्याच्या पिशवीत पुस्तके घालून पाठवा, आमच्याकडे अशी बरीच येतात. आणि पेरणी चालू असेल, मूल दोन-चार दिवस येणारच नसेल, तर रागावू म्हणून लपवू नका. येता-जाता शाळेच्या दारातून एवढे सांगून जा की कोणत्या वारी येणार. त्याची जागा आणि त्याचे पुस्तक आम्ही बाजूला काढून ठेवतो, आणि स्वयंपाकीण बाईंना तांदळाचा अंदाज लागतो.